धुक्यातल्या अक्षता

काम सुरळीत झालं की त्याचा अहवाल होतो. अडलं की किस्से होतात. शेती पाहायला आम्हा तिघांना सरकारनं विलायतेला धाडलं होतं. बागाईतदार म्हणून अंथुर्ण्याचे तात्या, फळांचे व्यापारी म्हणून बारामतीचे अब्दुलभाई, आणि इंग्रजी येतं म्हणून मी, कारकून. सतरा दिवस शेती पाहिली. त्यातलं आज एक पीक आठवत नाही. नंतरचे पाच दिवस लंडनच्या विमानतळावर धुकं पाहिलं, त्यातलं मिनिट न् मिनिट आठवतं!

पहिल्या दिवशी, रविवारी, फळ्यावर आमच्या विमानापुढे ‘रद्द’ लागलं. तात्यांनी काचेबाहेर पाहिलं. पांढरं फटक!

“भाऊसाहेब, एवढ्या धुक्यात आमची बैलं डोळं झाकून घर गाठत्यात.”

“तात्या, ती बैलं आहेत. ही विमानं.”

“तेच म्हंतो मी. अक्कल कुणाला जास्त?”

तात्यांची घालमेल वेगळीच होती. गुरुवारी संध्याकाळी सहा पंचवीसला त्यांच्या थोरलीचं, शकूचं लग्न होतं. शेळगावचं स्थळ. मार्गशीर्ष सरत आलेला, पुढं पौष, म्हणजे मुहूर्त नाही. रविवारी निघून मंगळवारी मांडवात, असा हिशेब होता. तो धुक्याला कुणी कळवला नव्हता.

*

कर्णा खरखरला की तात्या उठायचे आणि दारापाशी टॉवेल टाकून यायचे. एस्टीत खिडकीतून टाकतात तसा, जागा धरायला! दर वेळी तिथला शिपाई टॉवेल उचलायचा, नीट घडी घालायचा आणि अदबीनं आणून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, “माणसं लाखाची हायती. पण जागा धरू देत न्हाईत!”

*

तिथल्या एका अधिकाऱ्याला तात्यांनी गाठलंच. मी दुभाषा.

“त्यांना सांगा, थंडी कडाक्याची पडली की आमी पानमळ्याच्या कडंनं जाळ करतो. धुकं बी हटंल.”

साहेब हसला नाही. म्हणाला, “लढाईत आम्ही हेच करत होतो. धावपट्टीच्या दोन्ही कडांना पेट्रोल जाळायचो. पण फार महाग पडतं.”

“पेट्रोल? अरारा! उसाचं पाचट जाळा म्हणावं!”

साहेबानं वही काढून लिहून घेतलं. साऱ्या दौऱ्यात आमचं शेतीविषयक ज्ञान कुणी लिहून घेतलं, ते एवढंच.

*

चौकशीच्या काउंटरवर एक मुलगी बसायची. दर अर्ध्या तासानं एक उंच, किडकिडीत तरुण तिच्याकडे जाऊन विमानाचं विचारायचा. ती ‘नाही’ म्हणायची. तो आनंदानं परत यायचा.

अब्दुलभाईंनी दोन दिवस हे पाहिलं. गिऱ्हाईक ओळखण्यात त्यांची हयात गेलेली.

“भाऊसाहेब, ह्या पोराला इमान नकोच हाय!”

*

परतल्यावर ऑफिसनं मला लेखी विचारलं, परतीला इतके दिवस उशीर का? मी लिहिलं, ‘धुके.’

वरून शेरा आला, ‘धुक्याचा दाखला जोडावा.’

*

बुधवारी तात्यांनी माझ्याकडून तार करवली: ‘लग्न थांबवू नका. अक्षता टाका.’ मग दिवसभर कर्णा खरखरला तरी ते उठले नाहीत. टॉवेलही टाकला नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलं, “आपल्याकडं सहा पंचवीस, तवा हितं किती?”

“दुपारचं पाऊण वाजून दहा मिनिटं.”

अब्दुलभाई उठले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला ते लागत नाही. उपाहारगृहाच्या भटारखान्यात शिरले आणि खिरीचा तांदूळ ओंजळभर घेऊन आले. “लेक तुमची, तशी माजी बी. टाका अक्षता!”

तात्यांच्या खिशात मोरगावच्या कुंकवाची पुडी होती. तांदूळ लाल झाला. पूर्व कुठली, ते मी विचारून आलो. पूर्वेला नेमका काउंटर!

बारा पंचावन्नला आम्ही तिघं पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. मला दोन मंगलाष्टकं येत होती, ती खणखणीत म्हटली. एक म्हातारे गृहस्थ हॅट काढून उभे राहिले. त्यांना आमचं राष्ट्रगीत वाटलं असावं. त्यांचं पाहून सगळा हॉल उभा राहिला!

दुसरं निम्म्यावर आलं आणि कर्णा खरखरला. धुकं विरळलं, मुंबईच्या प्रवाशांनी चलावं.

“थांबा म्हणावं!” तात्या गरजले. “सावधान झाल्याबिगर हलायचं न्हाई!”

सावधान झालं. तात्यांनी डोळे मिटून अक्षता टाकल्या, अब्दुलभाईंनी टाकल्या, मीही टाकल्या. काउंटरवर तो तरुण आपलं अर्ध्या तासाचं विचारायला आला होता. त्या मुलीच्या केसांतले लाल दाणे तो एकेक करून वेचू लागला. आम्ही पळत विमान गाठलं.

*

शनिवारी दिवस कलता अंथुर्ण्यात पोचलो. मांडव तसाच उभा. वेशीत शेळगावचे व्याही स्वतः आडवे आले.

“तार पोचली, तात्या. पण बापाबिगर पोरीवर अक्षता? तारंचं कोन ऐकतंय! शेवटचा मुहूर्त उद्याचा हाय, त्यो धरलाय. चला, हळद लावायची ऱ्हायलीय.”

तात्यांनी व्याह्यांना मिठी मारली. उपरण्यानं डोळे पुसले. मग एकदम थबकले आणि आमच्याकडे वळले.

“आरं, मग आपण तिकडं लगीन कुनाचं लावलं?”