चौथ्या परिच्छेदातील विनंती

न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ शहराच्या ग्रंथालयात मी काही वर्षे स्पॅनिशभाषकांना कार्यालयीन इंग्रजी शिकवत असे. एका गुरुवारी दुपारी चिलीहून आलेली एक अभियंता व्यवस्थापकाला पाठवायचा ईमेल घेऊन आली. नोकरी कायम करावी, एवढीच तिची विनंती होती, आणि तिच्या सध्याच्या कराराची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. पण ती विनंती कुटुंबाची विचारपूस, आभार आणि शुभेच्छा यांच्यानंतर, चौथ्या परिच्छेदात होती.

मी तीन ओळी ठेवून बाकीचे खोडले.

"सर, हे फार उद्धट वाटते. माझ्या आईने वाचले, तर ती मला घरात घेणार नाही."

"नोकरी आई देणार आहे का?"

तिने ईमेल पाठवला. आम्ही दोघे पडद्याकडे पाहत बसलो. पुण्याच्या कचेरीत तीस वर्षे मी स्वतः 'सविनय' लिहिल्याशिवाय साधी रजाही मागितली नव्हती, हे मी तिला सांगितले नाही.

वीस मिनिटांनी एका ओळीचे उत्तर आले: करार तयार आहे, उद्या सही कर.

"साधा नमस्कारही नाही. रागावले असतील का?"

"आधी सही करा," मी म्हणालो. "रागाचे नंतर विचारा."