सामाईक विहीर

ह्यांच्या पायाला लागलं ते वाडीत पाणी लावताना. पाटातली माती ओढत होते, फावड्याचं पातं निसटून डाव्या अंगठ्याला लागलं. जखम अगदी बारीक होती. विहिरीच्या पाण्याने पाय धुतला, हळद दाबली आणि राहिलेल्या सुपाऱ्यांना पाणी लावूनच घरात आले. ह्यांना मधुमेह आहे, म्हणून मी जरा कुरकुरले, पण काळजी अशी वाटली नाही.

आमची वाडी नागावपासून थोडी दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन दोन घरांत विभागली, विहीर मात्र सामाईक राहिली, पिण्याचं पाणीही दोन्ही घरांना तिचंच. पलीकडचा भाग ह्यांच्या चुलत भावाचा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही आमच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. भावजींनी त्यांच्या बाजूला कोंबड्यांची शेड टाकली. वास येई, पण भाऊबंदकीत वासावरून कोण तोंड उघडणार?

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अंगठा सुजतच गेला. गोळ्या बदलल्या, इंजेक्शनं झाली. सूज पावलावर चढली, ताप भरला, तेव्हा अलिबागला दवाखान्यात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. मग एके सकाळी मला बाजूला बोलावून त्यांनी सांगितलं, की हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. एखाददुसरं औषध उरलंय, ते सलाइनमधून द्यावं लागेल, आणि तरी अंगठा वाचेलच असं नाही. जाता जाता त्यांनी विचारलं,

"जखम कुठल्या पाण्याने धुतली होती? जवळपास पोल्ट्री वगैरे आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

जनावरांना, कोंबड्यांना, माणसांनाही ऊठसूट औषधं दिली की जंतू त्यांना सरावतात आणि सांडपाण्यातून कुठेही पोचतात, असं त्यांनी समजावलं. ह्यांच्या पायात ते तिथूनच आले असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, हेही त्या म्हणाल्या. ते मी कानाआड केलं.

कपडे न्यायला घरी आले, तेव्हा थेट पलीकडे गेले. भावजींचा गडी शेड धूत होता. राखाडी पाणी उतारावरून विहिरीच्या दिशेनेच जात होतं. कडेला पिंपात पिवळी भुकटी कालवलेली. हे काय, असं मी विचारलं.

"दवा हाय, ताई. कोंबड्यांच्या पान्यात घालतो."

"आजारी आहेत का?"

"न्हाय. पडू नयेत म्हनून."

त्या दिवसापासून मला त्या घरातलं सगळंच वेगळं दिसायला लागलं. जाऊ दवाखान्यात डबा पाठवायची. त्यात अंड्याची पोळी असली की ह्यांच्या नजरेआड मी ती काढून ठेवायची. एवढी काळजी का, असं मनात यायचं. हिला काही ठाऊक असेल का? भावजी भेटायला यायचे, पायाकडे न बघता बोलायचे. त्यांच्या त्या न बघण्याचाही मी अर्थ लावत बसे. ह्यांना एकदा बोलून दाखवलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, मला बरं होऊ दे, मग भांड.

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं.

हे घरी आल्यावर मी विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. पाणी पिण्यालायक नाही, त्यात मैल्याचे जंतू आहेत, असं उत्तर आलं. तो कागद घेऊन मी पलीकडे गेले. भावजी ओटीवर बसले होते. मी मनात ठरवलेलं सगळं बोलून टाकलं, पिंपाचं, उतारावरच्या पाण्याचं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग शांतपणे म्हणाले,

"वहिनी, पावडर मी घालतो, नाकारत नाही. पिल्लं देणाराच सांगतो, सगळेच घालतात. पण मैला कोंबडीचा की माणसाचा, ते यात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं.

"तुमच्या खोल्यांतून दर शनिवार-रविवारी एवढी माणसं येतात. त्यांच्या संडासाची टाकी विहिरीपासून किती लांब आहे? आमच्या हिला पावसाळ्यापासून लघवीचा त्रास आहे, गोळ्या लागू पडत नाहीत. आम्ही कोणाचं नाव घेतलं नाही."

जाऊ दारात उभी होती. ती आजारी आहे हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी तिच्या डब्यावर संशय घेत होते, तेव्हा ती आमच्या टाकीकडे बघत असणार.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. भावजींच्या आणि माझ्या देखत त्याने टाकी उपसून पाहिली. विहिरीकडच्या भिंतीला खाली चीर होती. आमची जमीन रेताड, पाणी कुठूनही कुठेही झिरपतं. चीर बांधकामातलीच की नंतरची, हे त्याला सांगता येईना. किती काळ गळत होतं, तेही नाही. भावजी चीर बघून आपल्या शेडकडे निघून गेले, आणि ते मला जास्त लागलं.

आम्ही टाकी नव्याने, लांब बांधली. त्यांनी शेडच्या पाण्यासाठी विहिरीपासून दूर खड्डा काढला. ती भुकटी बंद केली असं म्हणतात. विहिरीचं पाणी आता फक्त झाडांना. जावेला अलिबागच्या त्याच बाईंकडे मी घेऊन गेले. तिलाही इंजेक्शनं घ्यावी लागली, पण ती बरी झाली. वाटेत आम्ही पोरांबद्दल, नारळाच्या भावाबद्दल बोललो, पाण्याचा विषय कोणीच काढला नाही. तिचे आणि ह्यांचे जंतू एकच होते का, असं मी बाईंना विचारलं. ते आता शोधून काही उपयोग नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

हे वाडीत जातात, पण बूट घालून, तोल सांभाळत.

यंदा गणपतीत आरतीला पलीकडची सगळी आली. मी तबकातून पाण्याचे पेले फिरवले. उकळून गाळलेलं पाणी होतं, तसं मी सांगितलंही. जावेने पेला हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.

"आत्ताच पिऊन आलेय गं," ती म्हणाली.

मी तिला मोदक वाढला. तिने आणलेल्या खिरापतीतली थोडी मीही हातात घेतली.