पास्कल अंकलचा ऑर्गन

पास्कल अंकल गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नाटकातला सरदार झालो होतो. तालीम अर्धी टाकली, स्कूटर काढली आणि थेट किनाऱ्यावरच्या पाली गावात पोचलो. दारात त्यांची बायको, रेजिना आंटी, बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आधी ती मिशी काढ. तो बघंल तर उठून हसंल." हात लावून पाहिलं तर चिकटवलेली मिशी तशीच ओठावर. त्या घरात सरळ रडायचीसुद्धा सोय नव्हती...

आमची ओळख भांडणातून झाली. नवं चर्च बांधल्यावर पालीतलं जुनं चर्च गावाचा हॉल झालं होतं आणि मला ते तालमींसाठी हवं होतं. अडचण एकच, समोरच्या भिंतीशी उभा असलेला धुळकट पाइप ऑर्गन. "हे कपाट हलवता येईल का?" मी विचारलं. किल्ली घेऊन आलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला हलवता येईल," ते म्हणाले.

मग तासभर त्या ऑर्गनचा इतिहास ऐकावा लागला. गावाला धड रस्ता नव्हता तेव्हा तो मचव्यातून आला, नळ्या गवतात गुंडाळून. मचवा अंकलच्या आजोबांचा. किनाऱ्यावर उतरवताना आजोबांनी गंमत म्हणून सर्वांत मोठ्या नळीत फुंकर मारली आणि गावातली चार कुत्री थेट उत्तनपर्यंत पळाली. अंकल चार सांगायचे, मी सहा सांगतो. पुढे दोन पिढ्यांची लग्नं आणि मयतं त्याने वाजवली. नव्या चर्चमध्ये विजेचा कीबोर्ड आला आणि हा मुका झाला.

एके दिवशी हॉलच्या कमिटीने ठरवलं, ऑर्गन काढायचा, तिथे स्टेज करायचं. अंकल अडून बसले. शेवटी अट पडली : गावच्या सणाला वाजला तर राहील, त्यानंतरही दर रविवारी वाजला पाहिजे, बंद पडला की भंगारात.

अंकल होड्या बांधणारे सुतार. ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या भात्याचं कातडं तडकलेलं दिसल्यावर त्यांनी जन्मभर केलं तेच केलं, राळ आणि तेल उकळून सगळ्या भेगा बुजवल्या. कातडं वाळून फळीसारखं कडक झालं. "आता थेंब आत जायचा न्हाय," ते अभिमानाने म्हणाले. "अंकल," मी म्हटलं, "हवापण जात नाहीये." दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं उकिडवे बसून ते कातडं खरवडायला लागलो. सणाच्या आदल्या दिवशी नवं कातडं बसलं.

सणाला मी भात्याचा दांडा मारत होतो आणि अंकल पट्ट्यांसमोर बसले होते. त्यांना एकही गाणं येत नव्हतं, हे मला तिथे कळलं. ते डावीकडून एकेक पट्टी दाबत गेले, होडीची कुजकी फळी शोधायला ठोकत जावं तसे. कमिटीचे अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "गाणं कधी सुरू होणार?"

"सगळ्यांची हजेरी झाली की," अंकल म्हणाले.

शेवटची पट्टी वाजली तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी आपणहूनच गाणं धरलं. ऑर्गन राहिला. तेव्हापासून दर रविवारी मी भाता मारायचा आणि अंकलनी हजेरी घ्यायची. रेजिना आंटी त्या ऑर्गनला सवत म्हणत. हॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही.

अंकल गेल्यानंतरच्या रविवारी मी एकटाच गेलो. दांडा मारून पट्ट्यांकडे धावायचो, तोवर हवा संपलेली. तीनदा धावलो. अट डोक्यात फिरत होती आणि दम लागला होता... तेवढ्यात भाता आपोआप फुगला. बघतो तर दांड्याशी रेजिना आंटी, पदर खोचून.

मी बसून पट्ट्या दाबू लागलो. मधल्या एका पट्टीला त्या म्हणाल्या, "थांब. ही घोगरी झालीय. हिच्या नळीत धूळ बसते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"घर समोरच हाय माझं," आंटी म्हणाल्या. "एवढे रविवार मी काय ऐकत होते? पुढची दाब."