शिळं पाणी

खालांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख कायम काळं असायचं. ईदला मेंदी लागली, नवे कपडे अंगावर आले, तरी ते एक नख काळं ते काळंच. झाडाला पाणी घालण्याआधी त्या ते बोट मातीत खुपसायच्या, पार दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून अंगठ्याने चोळून बघायच्या आणि मग ठरवायच्या. ओल लागली तर भरलेला तांब्या तसाच माघारी. "नाय म्हणतंय," असं सांगायच्या, पाहुण्याने चहाला नाही म्हणावं तसं. मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांना हात धुवायला सांगते. तरी त्या नखाला नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही.

खाला म्हणजे मावशी, अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणायची. त्या मूळच्या खुलताबादच्या. त्यांचे मालक गुलमंडीत कापडाच्या दुकानात होते. ते गेल्यावर मुलाने, रफिकने, उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला तिथे आणलं. माती सुटलेलं माणूस दुसऱ्या मजल्यावर काय करणार? गॅलरीत उभ्या राहून त्या खाली बघत राहायच्या. बघण्यासारखं एकच होतं, गल्लीच्या टोकाची मोकळी जागा. महापालिकेच्या नकाशात तिथे बगीचा आहे, असं सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात राडारोडा, गाजरगवत आणि अख्ख्या गल्लीचा कचरा. त्या जागेवरून मीटिंगा किती झाल्या आणि चहा किती प्यायला गेला, ते विचारू नका.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बाहेरच्याला हे सांगावं लागतं, आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. पाण्याच्या दिवशी घरोघरी लग्नकार्यासारखी धावपळ. आणि गंमत अशी, की नळ आला की आधी घरातले पिंप-हंडे रिकामे करायचे. साठवलेलं पाणी शिळं झालं ना! एरवी थेंबाथेंबासाठी भांडायचं, आणि नळाला धार लागली की उरलेलं खुशाल गटारीत ओतायचं. माझ्या सासूबाईंनी ओतलं, मी ओतलं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

खालांना वाटलं. एका पाण्याच्या दिवशी त्या जिना उतरून आल्या आणि गटारीच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. आम्ही बादल्या घेऊन समोर, आणि ही नवी बाई वाट अडवून. "शिळं असंल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "झाडाला कसलं शिळं न् कसलं ताजं? तिकडं ओता." तिकडे कुठे? तर त्यांनी आधीच राडारोडा बाजूला सारून हातभर जमीन मोकळी केली होती आणि मेथी पेरली होती. लाजेकाजेस्तव मी पहिली बादली तिकडे नेली. माझ्यामागून दुसरी आली. पुढे गल्लीला सवयच लागली, आणि त्या हातभर जमिनीचे वाफे झाले. आमचा बगीचा असा शिळ्या पाण्यावर उभा राहिला.

"जिरू द्या" हे त्यांचं पालुपद. पाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात घालायचा, त्यावर भाजीची देठं, सालं, वर माती, आणि जिरू द्यायचं. पहिल्या खड्ड्याची मात्र फजिती झाली. हौसेहौसेने लोकांनी उरलेली आमटी नि भातही त्यात टाकला, आणि खड्डा असा काही घाणला, की समोरचे वकीलसाहेब नाकाला रुमाल लावून भांडायला आले. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. खालांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार दिस जिरू द्या, वकीलसाब. कचरा बी जिरतो, राग बी जिरतो." कचरा जिरला. वकीलसाहेबांचा राग पावसाळाभर टिकला. पण पुढच्या उन्हाळ्यात दारच्या कडुलिंबाचा पाचोळा गोणीत भरून ते स्वतः घेऊन आले. खालांनी जुन्या भांडणाचं नावही काढलं नाही, त्यांच्या हातावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

सगळंच त्यांना जमायचं असं मुळीच नाही. वांग्याला दरसाल कीड लागायची, आणि दरसाल त्या बियाणाला शिव्या घालायच्या. औषध मारू द्यायच्या नाहीत. कडुलिंबाचा पाला भिजवून ते पाणी शिंपडायच्या, आणि निम्मी वांगी तरीही किडायची. तापट तर अशा, की जास्वंदीची कळी तोडली म्हणून गल्लीतल्या एका जावयाला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. तो बिचारा पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला.

पण त्यांचा जीव अडकला होता तो कोपऱ्यातल्या सीताफळात. त्यांच्या अब्बांची खुलताबादला सीताफळाची बाग होती. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या वेळी, आजूबाजूची माणसं भीतीने घरदार सोडून गेली, अब्बा गेले नाहीत. झाडांकडे कोण बघणार, म्हणाले. खाला तेव्हा पाळण्यात होत्या, तरी ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायच्या. पुढे भावांनी बाग विकली आणि तिथे ढाबा उभा राहिला. शेवटच्या तोडणीतल्या एका फळाच्या बिया खालांनी ओढणीच्या टोकाला बांधून आणल्या. त्यातली एकच उगवली. ते रोप त्यांनी गॅलरीत तेलाच्या डब्यात जगवलं आणि जमीन मिळाल्यावर खाली लावलं. "अब्बांच्या झाडाचं एक फळ खायचंय, मास्तरीण," त्या मला म्हणायच्या. "मग अल्ला बोलवू दे." त्यांनी दुसरं काही कुणाकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

आदल्या साली फुलं येऊन गळली होती. यंदा नक्की फळ धरणार, असं त्या सांगत होत्या. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडं काम करत नव्हती, अंगात पाणी साठत होतं. रफिकने त्यांना दवाखान्यात ठेवलं.

सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकतं, हे आम्ही दरवर्षी बघत होतो. "झोपलंय, उठवू नका," असं खाला म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. पण त्या वर्षी खाला दवाखान्यात, आणि ते झाड उघडंबोडकं. कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याने त्याने आपापल्या घरचं शिळं पाणी नेऊन त्या आळ्यात ओतलं. वकीलसाहेबांनी ओतलं, मी ओतलं, वरच्या मजल्यांवरच्या बायकांनी ओतलं. कुणी तर ताजं, नळाचं ओतलं. आमच्या गावात याहून मोठी माया नसते. पाण्यावाचून झाड मरतं एवढंच आम्हाला ठाऊक. पाण्याने मरतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

झाडाला पालवी फुटली, कळ्या आल्या. आम्ही खूश. मग एकाएकी पानं पिवळी पडली, कळ्या काळ्या होऊन गळाल्या, आणि बुंध्याची साल बोटाने निघायला लागली. खाली चिकण काळी माती, पाण्याला जायला वाट नव्हती. मुळं कुजली होती.

खालांना खुर्चीत बसवून घरी आणलं, तेव्हा जिना चढवण्याआधी त्यांनी ती खुर्ची बगीच्यात न्यायला लावली. सांगायचं कुणी? कोर्ट गाजवणारे वकीलसाहेब आपल्या चपलांकडे बघत उभे. खाला वाकल्या आणि त्यांनी आळ्यात बोट घातलं. ते वर आलं तेव्हा चिखलाने माखलेलं होतं.

"पाण्यानं मेलं व्हय?" त्या म्हणाल्या. "आपल्या गावात?"

मला रडू आवरेना. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी तो चिखलाचा हात माझ्या हातावर ठेवला. "जीव लावला तुम्ही. जिरायला वेळ दिला नाय, एवढंच." मग आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाल्या, "मला बी तेच झालंय, मास्तरीण. आत गेलेलं जिरत नाय." डॉक्टरांनी त्यांचं पाणी तोडलं होतं, ओठ ओले करण्यापुरतं मिळायचं. झाड जाळू नका, तोडून खड्ड्यात घाला, एवढं सांगून त्या वर गेल्या. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास बाजारात सीताफळं आली. खुलताबादच्या रस्त्याला टोपल्या मांडून बसतात, तिथून मी एक छान डोळे उघडलेलं फळ निवडून आणलं. वाटलं, चव तरी त्याच मातीची असेल. खालांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं, नाकाशी धरलं. मग माझ्या ओंजळीत परत ठेवलं. "गोड असंल. पण हे दुसऱ्याच्या बापाचं, मास्तरीण. तू खा." घरी आणलं, पण ते आमच्यात कुणालाच खाववलं नाही.

थोड्याच दिवसांत खाला गेल्या. रफिकने त्यांना खुलताबादला नेलं, अब्बांच्या शेजारी. गल्लीतले पुरुष मूठमाती द्यायला गेले. त्यात वकीलसाहेबही होते.

मग पाण्याचा दिवस आला. नळाला धार लागली आणि सवयीने सगळे बादल्या घेऊन बगीच्यात जमले. नुकताच परतीचा पाऊस होऊन गेला होता. कुणी ओतेना. शेवटी वकीलसाहेब गुडघा धरत खाली बसले आणि मेथीच्या वाफ्यात त्यांनी बोट घातलं. बाहेर काढून अंगठ्याने चोळलं.

"नाही म्हणतंय," ते म्हणाले.

सगळे भरल्या बादल्या घेऊन माघारी फिरले. मीही फिरले. घरात ताज्या पाण्याने पिंप, हंडे, कळशा सगळं भरून झालं होतं. ती बादली न्हाणीच्या दाराशी ठेवून मी तिथेच बसून राहिले. गटारीत ओतायला हात होईना. ते शिळं पाणी आता कुठे ओतायचं, हे मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.