आईच्या मातीला टाळ्या

आई वारली. एकोणीसशे नव्वद साल उलटून गेलं होतं. दुपारी तिला अंबरनाथच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेलं.

आमच्या बुवापाडा वस्तीतल्या बायका शवपेटीभोवती उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवत आईचं गाणं म्हणू लागल्या. ओवीच्या चालीवर तिनेच ते येशूचं गाणं बसवलं होतं.

चर्चचे कारभारी पुढे आले. जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. "बंद करा ते. ही दफनभूमी आहे, तुमचा पाडा नाही." मग शेजारच्या माणसाला, आम्हाला ऐकू जाईल असं, "दुधाच्या पावडरीसाठी ख्रिस्ती झालेले लोक. यांना शिस्त कुठून येणार?"

टाळ्या थांबल्या.

पावडरीचा संशय मलाही होता. आमचं घर बौद्ध. बाबा गेल्यावर आई उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या पापडाच्या कारखान्यात लागली. तिथल्या एका बाईने तिला प्रार्थनेला नेलं. मग दर बुधवारी आमच्याच खोलीत बायका जमू लागल्या. मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसायचे आणि बघायचे, कोण काय वाटतंय. एकदा विचारलंच, "आई, काय देतात गं तुला हे लोक?"

"काय देणार, डोंबल? दिवसभर शेठची वटवट ऐकते. इथे बसले की माझा आवाज मला ऐकू येतो. तू बस पाळतीवर, हवालदारीणबाई."

बसले. कितीतरी वर्षं. कुणी काही आणलं नाही. उलट आमच्याच साखरेचा चहा पिऊन जायच्या. आई मात्र कामावरून वाकून यायची आणि गाऊन झालं की ताठ उठायची. हे कशाने होतं, ते मला पुस्तकात सापडत नव्हतं.

चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षारस घ्यायला, जुनी घराणी आधी जायची, पाड्यातल्या बायका शेवटी. असा नियम कुणी सांगितला नव्हता. आई म्हणायची, "जाऊ दे त्यांना पुढे. प्याला काय त्यांच्या बापाचा आहे?"

कारभारी माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला. "बेटी, तू शिकलेली आहेस. समजाव यांना."

तेव्हा कळलं. माझं शिक्षण त्यांना माझ्याच आईविरुद्ध वापरायचं होतं.

मी टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. कोपऱ्यात बसून ओळी पाठ झाल्या होत्या. आवाज फाटला. शेजारच्या मावशीने सूर धरला, मग सगळ्यांनी. पेटी खाली उतरली, माती पडली, आम्ही थांबलो नाही. आई गेली होती आणि माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहत होतं. त्याला आनंद म्हणायला मी बराच काळ घाबरले. आता म्हणते.

पुढच्या आठवड्यात कारभारी घरी आले. "आता ही घरची प्रार्थना बंद करा. रविवारी या, मागे जागा करून देऊ."

मी म्हटलं, "प्रार्थना इथेच होईल. तुम्हाला यायचं तर या. खाली बसावं लागेल."

ते आले नाहीत.

माझा संशय गेलेला नाही. शुभवर्तमान मी शंका काढत वाचते. गोड बोलणारा उपदेशक आला की आधी विचारते, तुम्हाला काय हवंय. प्रभूवर विश्वास आहे. त्याच्या कारभाऱ्यांवर नाही. बुधवारी आमच्या खोलीत बायका जमतात. गाणं मी सुरू करते.