लिफ्टचा गचका

लिफ्टमास्तर म्हणजे वल्ली! जन्मभर लिफ्टी दुरुस्त केल्या, पण परक्या लिफ्टमध्ये शिरले की नाक मुरडलंच. "कोपरे मारलेले नाहीत," म्हणायचे. ऐकणाऱ्याला ओ की ठो कळायचं नाही.

मग बायको हाडांच्या दुखण्याने इस्पितळात पडली. तपासण्यांसाठी तिला रोज खाली नेत. लिफ्ट निघताना गचका, थांबताना गचका! मास्तर तिच्या पाठीखाली तळवा देत, तरी ती ओठ चावायची. "बघा तुमच्या भाऊबंदांचं काम," असं तशातही चिडवायची.

हा गचका काढू द्या म्हणून मास्तर तिथल्या इंजिनिअरच्या हातापाया पडले. तो भला माणूस. म्हणाला, "बसा काका, दोघं मिळून करू."

एक्स-रेच्या पाकिटावर मास्तरांनी बायकोला वेगाचा आलेख काढून दाखवला. "रेघ जितकी उभी चढते, तितकं त्वरण जास्त. हे कोपरे टोकदार आहेत ना, तिथंच तुला कळ येते. ते गोल करतो, चढ हलका करतो."

"मग मधेच अडकायची नाही ना मी?"

"छे! रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. मजले थोडेच कमी होणारेत? चढ हलका केला की रेघ लांबते. वेळ तेवढा जास्त लागेल."

"लागू दे हो. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

दुसऱ्या दिवशी "निघाली का?" असं ती विचारतेय, तोच खालचं दार उघडलं. ती हसली. मास्तर मात्र भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडले.

मग एका दुपारी ते खाली चहाला गेले असताना मुलीचा फोन आला. "बाबा, लवकर या. आई तुम्हाला विचारतेय." गुडघ्यांना जिना झेपणारा नव्हता. लिफ्ट निघाली, पण निघाल्याचं कळेना. "चल गं बाई, चल ना!" मास्तर दारावर थापा मारत राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना गचका हवा होता.

दार उघडलं. समोर मुलगी उभी होती. "आत्ताच गेली, बाबा. आत्ता."

इंजिनिअर धावत आला. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, पूर्वीसारखी करून टाकू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "वर अजून माणसं आहेत खाटांवर."

तिला त्याच लिफ्टने खाली नेलं. मास्तरांनी सवयीने तिच्या पाठीखाली तळवा दिला. गचका आलाच नाही.