पोतंभर माती

रिडेव्हलपमेंटसाठी आमची बिल्डिंग रिकामी होत होती. शेजारच्या सुमनकाकूंनी रोपं आधीच वाटून टाकली होती. आता त्या गॅलरीत बसून कुंड्यांतली माती तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरत होत्या.

"आई, माती तिकडेही मिळेल," त्यांचा मुलगा म्हणाला.

"ती विकतची. तिच्यात गांडुळं कुठली?"

मी दारातून बघत राहिले. धुतलेला चहाचा चोथा, भाज्यांची देठं, देवाची सुकलेली फुलं असं त्या घरात रोज उरलेलं सगळं काळं, भुसभुशीत होऊन पोत्यात चाललं होतं. घर बदलताना माणसं भांडी नेतात, खाल्लेलं-प्यायलेलं मागेच राहतं, असं मला वाटायचं.

सामान नेणाऱ्यांनी प्रत्येक नगावर खोलीचं नाव लिहायला सांगितलं होतं. काकूंनी मार्कर घेतला, थोडा विचार केला आणि पोत्यावर लिहिलं, 'स्वयंपाकघर'.